शेऱ्याचा रकाना

सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास माधुरीताईंचा फोन आला, तेव्हा किरण ढेबे बिरवाडीच्या आपल्या भाड्याच्या खोलीत चहा गाळत होता.

"किरण, तुझ्या मशीननं आज ढवळटेपावर किती पाऊस पाडलाय, बघितलास का?"

"किती?"

"नऊशे बारा मिलिमीटर. एका रात्रीत. अरे, एवढा पडला असता तर मी तुला आत्ता होडीतून फोन केला असता."

किरणने गाळणी खाली ठेवली. "साइट बदलली वाटतं. दुपारपर्यंत करतो."

"दुपारी नको, अकराला कर. घाटात जायचे ड्रायव्हर मला फोन करकरून हैराण करतायत. एक तर म्हणाला, ताई, ट्रकऐवजी नाव भाड्याने मिळेल का."

माधुरीताईंचं महाडात दोन टेबलांचं ऑफिस होतं. वाहतूकवाल्यांना आणि कंत्राटदारांना रोज सकाळी मोबाइलवर माहिती पाठवायची, एवढाच धंदा. कुठे किती पाऊस झाला, घाट चालू की बंद, कोणती निविदा निघाली. ही माहिती तीस-पस्तीस वेगवेगळ्या साइटवर पडलेली असायची. माणसाने ती रोज वाचायची म्हटली तर दिवस गेला असता. किरणने त्यासाठी छोटे छोटे प्रोग्रॅम लिहिले होते. अमक्या पानावर जा, तमका तक्ता शोध, पाचव्या रकान्यातला आकडा उचल आणि घेऊन ये, असं त्यात लिहिलेलं असे. प्रोग्रॅम बिचारे सांगितलं तेवढंच करत. पण पानं दुसऱ्याची. ज्याचं पान तो कधीही बदलणार आणि कुणाला सांगणार नाही. घर तेच, पण एका रात्रीत चूल पडवीत आणि माजघरात गोठा. मग प्रोग्रॅम आंधळ्यासारखा पाचव्या रकान्यात हात घालायचा आणि हाताला लागेल ते आणायचा. आज तिथे गावाची समुद्रसपाटीपासूनची उंची होती.

किरणच्या दिवसातला बराचसा वेळ असल्या दुरुस्त्यांत जाई. त्याने एक वही ठेवली होती. कोणती साइट मार्चअखेरीला रूप बदलते, कोणती दुपारच्या जेवणाच्या वेळी झोपते, कोणती आडनावाआधी एक जागा जास्त सोडते, सगळं तिच्यात लिहिलेलं. सात वर्षांत वहीची पाठ सुटली होती. एकेका साइटची इतकी माहिती झाली होती की ती ज्याने बनवली त्या कधी न पाहिलेल्या माणसाचा स्वभावसुद्धा त्याला ठाऊक होता. आपल्या माणसांबद्दल मात्र असं म्हणण्याचं धाडस त्याला झालं नसतं.

त्याचं गाव म्हणजे ढवळटेप. कापड्यावरून दोन तास चढायचं, मग चार घरं. म्हशी, शेळ्या आणि घरापुरती नाचणी. किरण लहानपणी रोज कापड्याच्या शाळेत उतरायचा आणि चढायचा. तो नववीत होता तेव्हा खालून एक माणूस खांद्यावर पर्जन्यमापक घेऊन आला आणि तो त्याने वाडीमागच्या टेकाडावर, म्हणजे टेपावर, बसवला. नरसाळं, आत बाटली आणि रेघा मारलेली काचेची नळी. रोज सकाळी साडेआठला नळीत पाणी ओतून मोजायचं आणि पोलादपुरातल्या एका लहानशा कार्यालयात कळवायचं. कागदावर नाव किरणच्या वडिलांचं लागलं, नाथू ढेबे. पण नाथू त्या वेळी म्हशी घेऊन रानात. त्यामुळे मोजायला जायची ती आई, साळूबाई.

साळूबाईला अक्षर येत नव्हतं, आकडे मात्र येत होते. ती नळी डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटायची आणि आकडा दोनदा मोठ्याने म्हणायची, जणू पाण्याने ऐकून खरं-खोटं सांगावं. पुढे वाडीत मोबाइल आला. रेंज फक्त त्या टेपावर, मापकाशेजारच्या खडकावर उभं राहिलं तरच. किरणने फोनचं दोन नंबरचं बटण दाबून धरलं की कार्यालय लागेल, अशी सोय करून दिली. आईला आणि बापाला तेवढं एकच बटण ठाऊक. किरणचा फोन दर रविवारी साडेआठला यायचा, कारण आई त्या वेळी हमखास त्या खडकावर असे.

महाडात डिप्लोमा, एका कारखान्यात रात्रपाळी, तिथेच कंप्यूटरवर नोंदी करता करता लागलेला नाद आणि मग माधुरीताईंचं ऑफिस. किरणने लिहिलेला पहिला प्रोग्रॅम पावसाचा. फेब्रुवारीचा महिना होता. तक्त्यात सगळीकडे शून्य. शेवटचा रकाना 'शेरा', तोही वरपासून खालपर्यंत रिकामा. किरणने एक ओळ लिहिली: शेवटचा रकाना सोडून दे.

त्याच मे महिन्यात तो वर गेला होता. आई अंगणात हिरडे वाळत घालत होती.

"आये, तू फोनवर सांगतेस ना आकडा, तो रोज माझ्या मशीनवर येतो."

साळूबाईचा हात थांबला. "रोज?"

"रोज. नऊच्या आत."

"मी सांगत्ये त्योच?"

"तू सांगतेस तेच."

"आगो बाय," ती स्वतःशीच म्हणाली आणि बराच वेळ हिरडे एकाच जागी चाळवत राहिली.

तेव्हापासून किरणला एक सवय लागली. सकाळी उठून पहिल्यांदा ढवळटेपाचा आकडा बघायचा. आकडा आला, म्हणजे आई टेपावर चढली. चढली, म्हणजे बरी आहे. हे फोनपेक्षा सोपं होतं. रविवारचे फोन महिन्यातून दोन झाले, मग एक. आणि जेव्हा तो फोन करी तेव्हा आई अधूनमधून चमत्कारिक बोले.

"तांबड्या शेळीचं ऐकलंस ना?"

"काय झालं तिला?"

"कळीवलं व्हतं की तुला!"

"कधी, आये?"

मग ती विषय सोडून द्यायची. "आसंल. तुला कामं हायत." किरणला वाटे, वय झालं. माणूस मनात बोलतं आणि सांगितलंसं वाटतं.

तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत साळूबाई गेली. नऊ दिवस ताप होता. वाट पाण्याने तुटलेली. दहाव्या दिवशी वाट मोकळी झाली तशी शेजारची तुळजाबाई कापड्याला उतरली आणि तिथून तिने कुणाकडून तरी किरणला फोन करवला. तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्या नऊही दिवशी आकडा आला होता. रोज सकाळी किरणने तो बघितला होता आणि समाधानाने चहा घेतला होता.

तेराव्याला तो बापावर चवताळला. "नऊ दिवस! मला कळवावंसं वाटलं नाय तुला?"

"रोज कळीवलं," नाथू म्हणाला.

"कुणाला? म्हशीला?"

नाथूने वर बघितलं नाही. "रोज कळीवलं. तूच आला नायस."

त्यानंतर तीन वर्षं किरण गौरीला आणि शिमग्याला वर जाई, पडवीत बसे आणि दुसऱ्या दिवशी उतरे. बापलेक एकमेकांशी बोलत ते म्हशीपुरतं आणि गवतापुरतं. बाप डोळ्यात डोळे घालून खोटं बोलला, हे किरणच्या मनातून जात नव्हतं. नाथूच्या मनात काय होतं, ते त्याने कधी विचारलं नाही.

पावसाची साइट सात वर्षांत पहिल्यांदाच बदलली होती. सोमवारी प्रोग्रॅम दुरुस्त करताना त्याने नेहमीप्रमाणे जुनं पान आणि नवं पान शेजारी शेजारी उघडलं. प्रोग्रॅम ज्या पानावर जाई त्याची एक जशीच्या तशी प्रत महिनाभर ठेवून देई, दुरुस्तीच्या वेळी पडताळायला. नवं पान निळं, गुळगुळीत. त्यात उंचीचा रकाना वाढला होता. निरीक्षकाचं नाव गेलं होतं आणि शेरा गेला होता. किरण रकाने मोजत जुन्या पानावर उजवीकडे सरकला. ढवळटेप. नाथू ढेबे. ७१. आणि शेरा:

'किरणला कळवा. धाकटी म्हस व्याली. रेडी झाली. दोघी बऱ्या आहेत.'

त्याने पुन्हा वाचलं. मग आदल्या दिवसाची प्रत उघडली. 'किरणला सांगा, पडवीचं पत्रं बदललं.' त्याच्या आदल्या दिवशी: 'तुळजाबाईचा गुडघा दुखतो. किरणला माहीत असावं.' तीस प्रती होत्या. तीसही दिवशी काही ना काही होतं. बाकीच्या बावीस गावांपुढे तो रकाना कोरा.

अकरा वाजून गेले होते. त्याने कसाबसा प्रोग्रॅम नीट केला, आता रकान्याच्या क्रमावर न जाता वरचं 'पाऊस' हे नाव शोधून आकडा उचलेल असा केला आणि कार्यालयात फोन लावला. तिथल्या ऑपरेटर अमिता मॅडम आठ वर्षं त्याच खुर्चीत होत्या.

"ढवळटेपाच्या शेऱ्याबद्दल विचारायचं होतं. मी किरण ढेबे."

"किरण म्हणजे... तुम्ही? आणि तुम्ही त्यांचे?"

"मुलगा."

"अगं बाई. मला वाटायचं किरण म्हणजे जिल्ह्याला कुणी साहेब आहेत. साळूबाई रोज म्हणायच्या, किरणला कळवा, त्याच्याकडे जातं सगळं. मी लागले तेव्हा मला सांगितलेलं, शेरा जसा सांगतील तसा लिहायचा, आपलं डोकं लावायचं नाही. मी लिहायचे. पुढे बाबा सांगायला लागले. ते विचारायचे, पोचलं का. मी म्हणायचे, हो बाबा, वर पाठवलंय."

किरणने नवं पान पुन्हा एकदा शेवटच्या रकान्यापर्यंत सरकवून बघितलं.

"आता नव्या साइटवर शेराच नाही हो," अमिता म्हणाली. "आज सकाळीच बाबांना सांगितलं, यापुढे नुसता आकडा सांगा. तर म्हणाले, किरणनंच बंद कराय सांगितलं का? मला काय माहीत? मी म्हटलं, बाबा, वरूनच आलंय."

"जुनी साइट आहे का अजून?"

"शुक्रवारी पाचपर्यंत. मग बंद."

जुन्या साइटवर तारीख दिली की त्या दिवसाचं पान मिळे. साडेसात वर्षांची पानं. किरणने मंगळवारी सकाळी प्रोग्रॅम लावला, एका पानानंतर वीस सेकंद थांबेल असा. ती साइट म्हातारी होती, एकेक पान उघडायला मिनिटभर घ्यायची, घाई केली की धापा टाकून बसायची, हे वहीत लिहिलेलंच होतं. त्या नऊ दिवसांच्या तारखा त्याला पाठ होत्या. आधी त्या मागायच्या, हे सरळ होतं. पण त्याने दोन्ही टोकांकडून सुरू केलं, एक पान सुरुवातीचं, एक अलीकडचं. सुरुवातीला आई होती.

'किरन, मी आये बोलत्ये. आकडा बारा.' हा पहिला शेरा, त्या जूनमधला. मग ती सरावली. 'पाऊस बारका, धुकं लय. जेवतोस का येळेवर.' 'तांबडी शेळी वाघानं नेली. बा म्हनतो बिबट्या, पन वाघच.' 'आज शून्य. शून्य तर शून्य, फोन केला.' अमिताला घाई असेल त्या दिवशी ते शुद्ध होऊन यायचं, 'गवत कापणी चालू, मुलाने काळजी करू नये', आणि निवांत असेल त्या दिवशी बोल जसाच्या तसा. किरण प्रत्येक पानाबरोबर वाचत होता. वीस सेकंद त्याला पुरत नव्हते. 'रविवारी फोन नाय आला तुजा. आसूदे.' एका हिवाळ्यात: 'तुजा खोकला कसा हाय. बाळहिरडा सुकवून ठिवलाय, पिशवी माळ्यावर. येशील तवा ने.' आणि दहा दिवसांनी: 'हिरडा नेला नायस.'

हे सगळं रोज त्याच्या दारात येत होतं. त्याचा प्रोग्रॅम रोज ते पान उघडत होता, शेजारचा आकडा उचलत होता आणि हे टाकून देत होता. एका ओळीने. ती ओळ किरणच्या हातची होती.

गुरुवारी साइट तीन वेळा पडली. शुक्रवारी दुपारी ती एकेका पानाला दहा दहा मिनिटं घेऊ लागली, तेव्हा मधली दोन वर्षं, ते नऊ दिवस धरून, अजून बाकी होती. किरणने प्रोग्रॅम थांबवला आणि त्या नऊ तारखा हाताने टाकायला बसला.

'आज आकडा नाथू ढेबे यांनी सांगितला. साळूबाईस ताप. किरणला कळवा.' आकडा ८८.

'ताप उतरला नाही. वाट बंद. किरणला या म्हणावं.' १४३.

'आई नाव घेते. लवकर सांगा.' ११७.

'त्याला वरच्या अंगाने, डोंगरमाथ्यावरच्या आड्याच्या वाटेने येता येईल, ती चालू आहे.' १६०.

नवव्या दिवसाचं पान पावणेपाचला उघडलं. आकडा ९४. शेऱ्यात बापाचा प्रश्न होता, अमिताने तोही सांगितला तसा टाइप केला होता: 'किरणला सांगितलं का?'

पाचला साइट बंद झाली. मधली दोन वर्षं गेली ती गेली.

शनिवारी दुपारी किरण ढवळटेपावर पोचला तेव्हा नाथू पडवीत काथ्या वळत बसला होता. छत्रीचं पाणी झटकणाऱ्या मुलाकडे त्याने एकदा बघितलं.

"आज काय सन नाय."

"नाय."

"मग?"

"बा, आकडा सांगितलास आज?"

"आकडाच सांगितला. बाकी बंद केलंस ना तू."

किरण पायरीवरच बसला. त्याने सांगायला सुरुवात केली. साइट, पान, रकाना, हे शब्द त्या पडवीत कधी आले नव्हते. नाथूचे हात चालूच होते. मध्येच थांबून तो म्हणाला, "म्हंजे माजं तुला कायच मिळालं नाय?"

"आकडा मिळाला."

"आकडा सरकारचा. तुजं ते बाकीचं."

"ते नाय मिळालं."

"आन् ती बोलायची ती?"

"ते पण नाय. सगळं येत व्हतं, बा. मीच टाकून दिलं. हा रकाना नको म्हणून मीच लिवून ठेवलं व्हतं, आनि मग कधी बघितलं नाय."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. नाथूने काथ्याचं टोक दातात धरून गाठ मारली.

"तुजं मशीन बहिरं व्हतं म्हनायचं."

"मशीन नाय. मी."

"तेराव्याला तू म्हनलास, म्हशीला कळीवलंस का."

"म्हणालो."

"लोकांफुडं."

"व्हय." किरणने खाली बघितलं. "तू खरं सांगत व्हतास."

नाथूने काथ्या बाजूला ठेवला. तो उठला, आत गेला, पाणी पिऊन आला आणि पुन्हा बसला. किरणने पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद काढले. महाडात छापून आणलेले.

"हे काय?"

"आयेचं बोलणं. तुझं पण हाय. मधलं थोडं गेलं."

नाथूने कागदांकडे बघितलं, हात लावला नाही. "वाच," तो म्हणाला. "तिचं आदी."

किरण वाचू लागला. वाघाने नेलेल्या शेळीशी आल्यावर नाथू म्हणाला, "बिबट्याच व्हता. मी पाय बघितलं. ती ऐकायची नाय." पुढे एका ठिकाणी त्याने पुन्हा वाचायला लावलं. एका ठिकाणी तो हसला, तीन वर्षांत किरणने ते पाहिलं नव्हतं. बाळहिरड्याचं वाक्य आलं तेव्हा मात्र तो उठला आणि शिडी लावून माळ्यावर चढला. उतरला तेव्हा त्याच्या हातात काळपट पडलेली कापडी पिशवी होती.

"मी तुळजाबाईला इचारलं, ह्ये कुनाचं. तिला म्हाईत नाय. ही आजारात म्हनली व्हती, पिशवी टाकू नका, नेनारा येनार हाय. मला वाटलं कापड्याचा कोन यापारी आसंल."

किरणने गाठ सोडली. हिरडे दगडासारखे वाळले होते, पण किडले नव्हते. त्याने एक तोंडात टाकला. तुरटपणाने जीभ आखडली. बराच वेळ त्याला पुढचं वाचता येईना, आणि ते हिरड्यामुळेच, असं समजायला दोघांनाही सोयीचं झालं.

त्या नऊ दिवसांचा कागद त्याने सगळ्यात शेवटी वाचला. नाथूने तो मागून घेतला, उलटा-सुलटा केला आणि विचारलं, "म्या इचारलेलं हाय यात? सांगितलं का म्हनून?"

"हाय."

"बाई बरी हाय ती. लिवलं तिनं." कागदाची घडी करून त्याने बंडीच्या खिशात ठेवली.

रविवारी सकाळी दोघं टेपावर गेले. पाऊस थांबला होता, खाली कापड्याची खाचरं धुक्याखाली होती. नाथूने नरसाळं उचललं, बाटलीतलं पाणी नळीत ओतलं, नळी डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटला आणि आकडा दोनदा मोठ्याने म्हटला. ही लकब त्याने कधी उचलली, ते किरणला माहीत नव्हतं.

"आण तो फोन. तीन नंबरच्या बटणावर माझा नंबर घालून देतो," किरण म्हणाला.

"घाल मागनं. आदी ह्ये." नाथू खडकावर चढला आणि त्याने दोन नंबरचं बटण दाबून धरलं.

"ढवळटेप. सत्तावन्न." मग तो थांबला. पलीकडून अमिता काहीतरी म्हणाली असावी, कारण त्याने मान हलवली. "व्हय बाई, म्हाईत हाय, जागा नाय आता. मशीनीत नको घालूस. तुज्या वहीत कुटंतरी लिव."

त्याने वळून मुलाकडे बघितलं.

"लिव, किरन आलाय."